‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’

बाळ सहा-आठ महिन्यांचं होतं आणि फिकट दिसायला लागतं. वजन वाढत नाही, पोट फुगल्यासारखं वाटतं, अंगावर पिताना दमतं. तपासण्या होतात, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आजार, असं निदान येतं आणि डॉक्टर सांगतात की हा आनुवंशिक आजार आहे. कुटुंब नौपाड्यातलं असो, नेरूळचं असो की मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरचं, त्यावरचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: ‘पण आमच्या घराण्यात कुणालाच नाही हो.’

यात कुणीही खोटं बोलत नसतं. घराण्यात खरंच कुणाला नसतं आणि आजार खरंच आनुवंशिक असतो. घरात आपण ‘आनुवंशिक’ म्हणतो ते मागून चालत आलेल्या गोष्टीला. आजोबांना शुगर, वडिलांना शुगर, आता मला. टक्कल, घारे डोळे, दमा, तापटपणा, सगळं त्याच एका शब्दात बसतं. शब्दात ‘वंश’ असल्यामुळे नजर आपोआप मागच्या पिढ्यांकडे जाते, आणि त्यातही वडिलांच्या बाजूला. दवाखान्यात हाच शब्द पुढच्या प्रश्नासाठी वापरला जातो. पेशीतल्या जनुकांत बदल आहे का, तो पुढच्या मुलात जाण्याची शक्यता किती, आणि भावंडांपैकी कुणाची तपासणी करायला हवी? मागच्या पिढीत आजार दिसला असेल तर तो या प्रश्नासाठी एक पुरावा असतो. दिसला नसेल तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. माणसं ‘घराण्यात कुणालाच नाही’ या वाक्यावर विसंबतात आणि दुसऱ्या गरोदरपणात तपासणीच करत नाहीत. एवढ्यासाठी तरी या शब्दाची नीट उकल व्हायला हवी.

थॅलेसेमियाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण ठाणे जिल्ह्यात ते दूरचं नाही. भारतात सरासरी शंभरात तीन-चार माणसं बीटा थॅलेसेमियाची वाहक, म्हणजे बिघाड बाळगणारी पण स्वतः आजारी नसलेली, असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचं उल्हासनगर झालं, त्यामुळे तिथले डॉक्टर या आजाराशी जुने परिचित आहेत. पण मराठी घरांनी ‘ते त्यांच्यात असतं’ म्हणून सुटका मानू नये. शंभरात तीन म्हणजे तीनशे सदनिकांच्या संकुलात, घरटी चार माणसं धरली तर, छत्तीस वाहक होतात. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

‘थॅलेसेमियाचं जनुक’ असं आपण सहज म्हणतो, पण ते बरोबर नाही. बीटा ग्लोबिन हा हिमोग्लोबिनचा एक भाग; तो बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं आणि ते प्रत्येकाकडेच असतं. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. काहींच्या एका प्रतीत बिघाड असतो, इतकाच फरक. भारतात या बिघाडाचे मोजकेच प्रकार बहुतांश रुग्णांत सापडतात. सगळ्यांत जास्त आढळतो तो जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (प्रथिन बनवताना वगळल्या जाणाऱ्या तुकड्यात) पाचव्या जागी ‘जी’ या डीएनए-अक्षराऐवजी ‘सी’ आल्याचा. सिंधी समाजात ६१९ अक्षरांचा तुकडाच गळून गेल्याचा प्रकार बराच दिसतो. एक प्रत धड असेल तर शरीराचं काम चालतं. हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं, माणूस शाळा-नोकरी-संसार सगळं करतो आणि त्याला आपण वाहक म्हणतो, रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया मायनर’. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तो मेजर. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात साठतं. ते बाहेर काढायला रोजची औषधं लागतात, नाहीतर हृदय आणि यकृत बिघडतं.

‘मायनर’ या शब्दाने फार घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आजार आहे पण थोडा, उद्या वाढून ‘मेजर’ होईल. तसं होत नाही. मायनर माणूस जन्मभर मायनरच राहतो. मला विचाराल तर रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘वाहक, आजारी नाही’ असं छापावं.

वाहक असण्याचा आजारासारखा काही त्रास नसल्यामुळेच हा बदल पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात न येता पुढे जातो. आजोबा वाहक, वडील वाहक, मुलगा वाहक, आणि तिघांपैकी कुणीही ‘आजारी’ नाही. दोन वाहक एकमेकांशी लग्न करतात तेव्हाच तो समोर येतो. वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावं, म्हणून उष्ण प्रदेशांत हे बदल टिकले, असा विचार शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला होता. पुढे सिकलसेल या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत अभ्यासांतून त्याला भक्कम आधार मिळाला. म्हणजे या बदलाला नुसता ‘दोष’ म्हणणंही पुरेसं नाही.

आता शक्यतेचा हिशेब. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. ‘चारातलं एक’ असं सांगितलं की लोक ऐकतात ते असं: पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. नाणेफेकीत मागचा छाप पुढच्या फेकीला आठवत नाही, तसंच हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. उलट दोन मुलं झाली आणि दोन्ही मेजर नाहीत, याची शक्यता सोळातली नऊ, म्हणजे ५६ टक्के. तीन मुलं झाली आणि तिन्ही सुटली, याची चौसष्टातली सत्तावीस, म्हणजे ४२ टक्के. दोघेही वाहक असलेल्या कितीतरी जोडप्यांच्या घरात आजार कधी दिसतच नाही तो यामुळे, आणि ‘घराण्यात कुणालाच नाही’ हे वाक्य इतकं सर्रास खरं ठरतं तेही यामुळेच.

तपासणी महाग किंवा अवघड नाही, पण ती क्रमाने करावी लागते. आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. त्यात हिमोग्लोबिनच्या आकड्यावर न थांबता एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार), एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) आणि लाल पेशींची संख्या हे तीन आकडे पाहावेत. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल तर पुढे जायचं. एक सोपा भागाकार आहे: एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागा. एमसीव्ही ६४ आणि लाल पेशी ५.८ असतील तर उत्तर ११ येतं. १३ पेक्षा कमी असलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय बळावतो. एमसीव्ही ७२ आणि लाल पेशी ४ असतील तर उत्तर १८, आणि मग लोहाची कमतरता जास्त संभवते. हा फक्त अंदाज आहे. यावरून निदान करू नये आणि यावरून निर्धास्तही होऊ नये, विशेषतः दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात म्हणून.

निदान होतं ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीने. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिलिलिटर रक्त, उपाशी राहायची गरज नाही. हिमोग्लोबिन ए-२ या एरवी थोड्याच असणाऱ्या प्रकाराचं प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर, बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान, आलं की बीटा थॅलेसेमिया मायनर. याच आलेखात सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस, तसंच डी आणि ई हे प्रकारही दिसतात.

इथे काय काय चुकतं ते नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोहाची कमतरता तीव्र असेल तर ए-२ खाली येतं आणि वाहक माणूस ‘नॉर्मल’ ठरू शकतो. अशा वेळी लोह भरून काढून दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. बाई गरोदर असेल तर मात्र तेवढा वेळ नसतो, म्हणून न थांबता नवऱ्याचीच तपासणी करून घेतात. ब-१२ कमी असेल तर एमसीव्ही आणि ए-२ दोन्ही वर सरकू शकतात. नुकतंच रक्त चढवलं असेल तर आपण दात्याचं रक्त तपासत असतो, म्हणून तीन महिने थांबायचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या ए-२ वर विसंबायचं नाही, कारण त्याचं हिमोग्लोबिन अजून बदलत असतं. काही सौम्य बदलांत ए-२ सीमेवरच, ३.३ ते ३.८ च्या आसपास राहतं. दुसऱ्या, अल्फा ग्लोबिनच्या बिघाडाने होणाऱ्या अल्फा थॅलेसेमियात तर ते वाढतच नाही. अशा शंकेच्या जागी डीएनए तपासणीला पर्याय नाही. आणि सगळ्यांत सर्रास होणारी चूक म्हणजे हिमोग्लोबिन १०.५ दिसलं की लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या, आणि त्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून लोह खरोखर कमी असेल तरच लोह द्यावं. लोह कमी नसेल तर मायनर माणसाचं हिमोग्लोबिन लोहाने वाढत नाही.

दोघेही वाहक निघाले की गरोदर राहण्याआधीच दोघांच्या रक्तातून नेमका कोणता बदल आहे ते शोधून ठेवावं. त्याला काही आठवडे लागतात आणि गर्भाच्या तपासणीत हीच माहिती लागते. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून होते. ही तपासणी कायद्याने करता येते. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात आनुवंशिक आजारांसाठी तिला परवानगी आहे, पण ती नोंदणीकृत केंद्रातच, लेखी संमती घेऊन करायची असते, आणि लिंग सांगायचं नसतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी मिळते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. म्हणून नवऱ्याचा रिपोर्ट पाचव्या महिन्यात येऊन उपयोग होत नाही. गरोदरपणाची पहिली भेट हीच त्याची खरी वेळ, आणि त्याहून चांगली लग्नाआधीची.

शहापूर-मुरबाडच्या आदिवासी भागात याच चित्राची दुसरी बाजू दिसते ती सिकलसेलची. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तपासण्यांचा वेग वाढला आहे. शिबिरात आधी सोल्युबिलिटी ही झटपट रक्तचाचणी होते. तिच्यात हिमोग्लोबिन एस आहे एवढं कळतं, पण माणूस वाहक आहे की रुग्ण ते कळत नाही, म्हणून पुढची एचपीएलसी टाळू नये. फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: नवरा सिकलसेलचा वाहक आणि बायको थॅलेसेमियाची वाहक असेल तरी हिशेब तोच. दोन्ही बदल एकाच बीटा ग्लोबिन जनुकातले आहेत. त्यांच्या प्रत्येक मुलात दोन्ही एकत्र येण्याची शक्यता २५ टक्के, आणि तो आजार सिकलसेलसारखाच त्रास देऊ शकतो. कामासाठी गावं सोडून कळवा-दिघा-तुर्भ्याला राहायला आलेल्या, वेगवेगळ्या समाजांतून लग्नं होणाऱ्या वस्तीत ही जोडी अशक्य नाही. म्हणून ‘तुमच्यात कोणता आजार असतो’ असं विचारून तपासणी ठरवण्यापेक्षा दोघांचीही एचपीएलसी केलेली बरी.

घराणं मोजायची आपली पद्धत आणि जनुकांची वाटणी यांचा मेळ बसत नाही, हे लग्नाच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसतं. सगोत्र नको म्हणून आपण गोत्र विचारतो. गोत्र वडिलांच्या ओळीने चालतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, म्हणून अनेक समाजांत ती चालते, किंबहुना तिच्यावर पहिला हक्क मानला जातो. जनुकांना गोत्र नसतं. आईकडून निम्मी येतात, वडिलांकडून निम्मी. सख्ख्या मामाची मुलगी आणि आपण यांच्यात सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. उलट, सतराव्या पिढीत कुठेतरी एक पूर्वज असलेल्या सगोत्र अनोळखी मुलीशी जनुकांचं नातं जवळजवळ नसल्यात जमा. आजोबांकडे एखाद्या दुर्मीळ आजाराची बिघडलेली प्रत असेल तर ती मामाच्या आणि आईच्या अशा दोन्ही वाटांनी खाली येऊन त्यांच्या एकाच पतवंडात भेटू शकते. असं लग्न झालं म्हणजे मूल आजारी होणारच असं अजिबात नाही, बहुतेक मुलं निरोगीच असतात. पण धोका इतर जोडप्यांपेक्षा जास्त असतो. नात्यातलं लग्न ठरत असेल तर आनुवंशिक आजारांच्या समुपदेशकाला भेटून घेणं गोत्र पाहण्यापेक्षा किती तरी उपयोगाचं.

तिथेच रक्तगटाचीही एक समजूत भेटते: ‘दोघांचा रक्तगट एकच आहे, मुलांना त्रास होईल.’ होत नाही. रक्तगट एक असण्याने काहीही बिघडत नाही. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर लक्ष द्यावं लागतं, आणि त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते द्यायचं असतं, आणि गर्भपात झाला तरी विसरायचं नसतं. पत्रिकेबरोबर रक्तगट विचारणाऱ्यांनी त्याच जागी ए-२ चा आकडा विचारला तर किती बाळांचा त्रास वाचेल.

रक्तगटावरून घरात याहून वाईट गोष्ट होऊ शकते, आणि ती मुंबई परिसराशी जोडलेली आहे म्हणून सांगायलाच हवी. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट शोधला. तो आज जगभर ‘बॉम्बे’ या नावानेच ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. ए आणि बी या खुणा रक्तपेशीवर ज्या पायावर उभ्या राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांत बनत नाही. आई आणि वडील दोघांकडून एचची निकामी प्रत आली तरच असं होतं. अशा माणसाकडे बी गटाचं जनुक असलं तरी ते दिसत नाही. नुसत्या अँटी-ए, अँटी-बी थेंबांवर तपासलं तर तो ‘ओ’ वाटतो. आता त्याचा जोडीदार खरा ओ आहे असं समजा. मुलाला जोडीदाराकडून एचची धड प्रत मिळते, या माणसाकडून बी मिळतं, आणि मूल बी गटाचं होतं. कागदावर आई ओ, बाप ओ, मूल बी. शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे हे अशक्य, आणि मग संशय बाईवर. रक्तपेढीत ओ पेशींवर उलट तपासणी आणि अँटी-एच चाचणी केली की उलगडा होतो. या माणसाला साधं ओ रक्त चालत नाही, त्याला बॉम्बे गटाचंच लागतं, त्यामुळे हा उलगडा जीव वाचवण्यासाठीही लागतो. ज्या घरात ओळखपत्रावरच्या रक्तगटावरून मुलाच्या बापाबद्दल प्रश्न निघतो, तिथे आधी रक्तपेढीत पूर्ण तपासणी करा, मग तोंड उघडा.

मागे काहीच नाही पण पुढे आहे, असंही घडतं. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू कमजोर होत जाण्याच्या आजारात तीन-चार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत उठतो, पोटऱ्या जाड दिसतात, जिना चढताना अडतो. यात बिघडतं ते डिस्ट्रोफिन हे माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं. इतक्या लांबीत नवी चूक सहज होते. म्हणून साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल आईत नसतोच, तो त्या मुलापाशीच प्रथम उगवलेला असतो. घराण्यात शोधून काही सापडणार नाही. उरलेल्यांत आई वाहक असते, आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलींत बदल आला तरी त्या बहुधा वाहकच राहतात. इथे सासरी सरळ म्हणतात, ‘तिच्याकडून आलं.’ आईची तपासणी करतात ती पुढच्या बाळासाठी आणि तिच्या बहिणींसाठी, ठपका ठेवण्यासाठी नाही. आणि तिच्या रक्तात बदल सापडला नाही म्हणून पुढच्या गरोदरपणात तपासणी सोडूही नये. काही वेळा बदल फक्त तिच्या बीजांडांपैकी काहींत असतो, रक्तात नसतो, आणि दुसरं बाळही आजारी होऊ शकतं.

जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो तेही चुकीचंच. गरोदरपणात आईला रुबेला झाला आणि बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मलं तर तो जन्मजात, पण आनुवंशिक नाही. डाउन सिंड्रोम गुणसूत्रांमुळे होतो, तरी सुमारे ९५ टक्के वेळा तो बीजपेशी तयार होतानाचा एक अपघात असतो आणि पुढच्या बाळाला पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा आईच्या वयानुसार जेवढी असेल तेवढी. उरलेल्यांत काही मुलांचं एकविसावं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं. असं चिकटलेलं गुणसूत्र आईकडे असेल तर शक्यता दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. चेहऱ्यावरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. फरक कळतो तो मुलाच्या कॅरिओटाइपवरून, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीवरून, म्हणून ‘दिसतंच आहे की’ म्हणून ती तपासणी गाळू नये.

शुगर, रक्तदाब, हृदयविकार यांच्याबद्दल थोडंच. इथे एका जनुकाचा हिशेब नसतो, शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो आणि कुटुंबाचं एकत्र जेवण, झोप, बैठं काम हेही त्यात मिसळलेलं असतं. ‘आनुवंशिक आहे, काय करणार’ म्हणून चालणं सोडून देणाऱ्याने लक्षात घ्यावं की घराण्यात शुगर असणं हे तिशीपासून दरवर्षी तपासणी करण्याचं कारण आहे.

स्तनाच्या कर्करोगात मात्र घराणं विचारायलाच हवं, आणि तिथेच आपण अर्धं घराणं विसरतो. या कर्करोगातले पाच ते दहा टक्के थेट आनुवंशिक असतात, बरेचसे बीआरसीए-१ आणि २ या जनुकांमुळे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात यावर काम चालतं. फॉर्मवर बाई आई, मावशी, आजी भरते आणि आत्या सोडून देते, कारण ‘ती बाबांकडची’. बीआरसीएचा बदल वडिलांकडूनही तेवढाच येतो, निम्म्या शक्यतेने, आणि वडील स्वतः ठणठणीत असू शकतात. वडिलांना बहिणीच नसतील तर त्या बाजूचं काहीच दिसत नाही.

म्हणून वंशावळ कागदावर काढावी, आणि ती घरीही काढता येते. तीन पिढ्या घ्याव्यात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आजारी असेल तर आकृती भरायची, वाहक असेल तर मधे ठिपका, वारलेल्यावर तिरकी रेघ, आणि ज्याच्यासाठी चौकशी आहे त्याला बाण. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी ही नाती मुळातच वेगवेगळी असल्यामुळे कोणती बाजू ते बोलतानाच कळतं, ही मोठी सोय आहे. अडचण येते ती न सांगितलेल्या गोष्टींची. लहानपणीच गेलेली भावंडं, आजीचे पडलेले गर्भ, ‘अंगात रक्तच नव्हतं’ म्हणून गेलेला चुलत काका. ‘पोटाच्या दुखण्याने गेली’ यात अंडाशयाचा कर्करोग दडलेला असू शकतो, म्हणून जाताना वय किती होतं आणि पोटात पाणी झालं होतं का, असं विचारावं. सावत्र आणि दत्तक नाती घरात बोलायची नसली तरी डॉक्टरांना सांगायला हवीत, कारण हिशेब रक्ताच्या नात्यावर चालतो.

आणि बाळाचं निदान झालं की रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून देऊन काम संपत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाची सख्खी भावंडं बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणासाठी जुळतात का ते बघतात. तिथेही प्रत्येकाची शक्यता २५ टक्केच. बोरिवलीला मुंबई महापालिकेचं यासाठी वेगळं केंद्र आहे. त्याच वेळी भावंडांची ए-२ तपासणीही करून घ्यावी, कारण निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक भावंडाची वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून दोन तृतीयांश असते: चारातली आजाराची एक बाजू वजा केली की उरलेल्या तिनातल्या दोन. मग आई-वडिलांची भावंडं, त्यांची लग्नाच्या वयाची मुलं. ठाण्याहून नाशिकला, साताऱ्याला, दुबईला फोन करून हे सांगताना लोक कचरतात, मुलीचं लग्न मोडेल म्हणून. एकच जोडीदार वाहक असेल तर त्यांचं कोणतंही मूल मेजर होत नाही, हे त्याच फोनवर सांगावं.

‘एक पिढी सोडून येतं’ असंही फोनवर हमखास विचारलं जातं. आजार पिढ्या सोडून दिसू शकतो, पण वाहक असणं पिढी सोडत नाही. लोह ठीक असताना केलेल्या तपासणीत काकांचं ए-२ २.६ आणि एमसीव्ही ८८ आलं, तर घरातला तो बदल काकांकडे आलेला नाही. त्यांच्या मुलांना तो त्यांच्याकडून मिळू शकत नाही, नातवंडांनाही नाही. त्या मुलांची तपासणी मग काकूच्या बाजूने विचारून ठरवायची.